गोदावरीच्या गाळातला हत्ती

नांदूर मध्यमेश्वरला बहुतेक लोक पक्षी पाहायला जातात, आणि अनेक वर्षे मीही तेवढ्यासाठीच जात असे. परंतु त्याच परिसरात, गोदावरीच्या गाळात, एका प्रचंड हत्तीची कवटी सापडली होती आणि गाय पिल्ग्रिम या भूवैज्ञानिकाने १९०५ च्या सुमारास तिच्यावर लिहिले होते, हे वाचल्यापासून माझी नजर पाण्यापेक्षा काठच्या दरडींवरच अधिक खिळते.

हा हत्ती म्हणजे पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस. त्याचे नाव नर्मदेवरून पडले. सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी सुरू होऊन ११,७०० वर्षांपूर्वी संपलेल्या प्लायस्टोसीन युगातला हा प्राणी. आजचा आशियाई नर हत्ती खांद्यापाशी साधारण पावणेतीन मीटर उंच आणि ४ टन वजनाचा असतो. नमाडिकसचे मोठे नर ४ मीटरच्याही वर जात. मांडीच्या हाडाच्या एका तुकड्यावरून त्याचे वजन २२ टनांपर्यंत असावे, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. एका तुकड्यावर एवढी मोठी इमारत उभी करणे मला धाडसाचे वाटते. पण नमाडिकस पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या भूचर सस्तन प्राण्यांपैकी एक होता, हे मानायला त्या आकड्याची गरज नाही.

महाराष्ट्रात असे अवशेष कमी मिळतात, याचे कारण आपला काळा पाषाण. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि हे महाकाय सस्तन प्राणी त्यानंतर फार उशिरा आले, त्यामुळे त्यांची हाडे कातळात नव्हे, तर नद्यांनी नंतर आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांत आणि गाळातच शोधावी लागतात. लातूर जिल्ह्यातील मांजरेच्या खोऱ्यात हत्तींबरोबर पाणघोड्याचेही जीवाश्म मिळाले आहेत. मांजरेत पाणघोडे डुंबत होते, ही कल्पना मला आजही थक्क करते.

याहून जुना काळ पाहायचा, तर शिवालिक टेकड्यांकडे जावे लागते. तिथल्या मायोसीन थरांत, म्हणजे सुमारे सव्वादोन कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत, खालच्या जबड्यातून खाली वळलेले सुळे असणारा हत्तीचा दूरचा नातलग डायनोथेरियम आढळतो. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे अभियंता प्रॉबी कॉटली यांनी १८३० च्या दशकात तिथले जीवाश्म गोळा केले आणि जिराफाच्या कुळातील, चार शिंगांच्या एका धिप्पाड प्राण्याला शिवाचे नाव दिले: शिवाथेरियम. स्टेगोडॉन गणेसा या हत्तीसदृश प्राण्याला तर त्यांनी गणपतीचेच नाव दिले. त्याचे तीन मीटरहून लांब सुळे मुळाशी इतके जवळ होते की, सोंड मध्ये न मावता बाजूने लोंबत असावी. उजव्या आणि डाव्या सोंडेच्या मूर्ती पाहत वाढलेल्या माणसाला हे वाचून आनंद न झाला तरच नवल.

एका महाविद्यालयाच्या संग्रहात मला स्टेगोडॉनची दाढ हातात घेता आली. ती विटेपेक्षा जड होती आणि तिच्यावर घरांच्या छपरांसारख्या बुटक्या आडव्या कडा होत्या. पालाच अधिक खाणाऱ्याला त्या पुरत. शेजारीच खऱ्या हत्तीची दाढ ठेवली होती. तिच्यात उंच, पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, कारण गवतातील सिलिका दात झिजवते आणि झिजायला उंची लागते. त्या पट्ट्यांवरून मी बोट फिरवले, तेव्हा झिजलेल्या इनॅमलच्या कडा कानशीसारख्या खरखरीत लागल्या.