कोटिंग सुटतंय? आधी खालचं स्टील बघा

घर्षण कमी करायला स्टीलच्या पार्टवर मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ग्रॅफाइट किंवा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) कोरडं वंगण-कोटिंग देतात, ते सुटायला लागलं की सगळे आधी कोटिंगच्या डब्यावर संशय घेतात, बॅच नंबर बघतात, ओव्हनचं टेंपरेचर तपासतात, आणि खालचं स्टील कसं तयार केलं होतं हे शेवटी कुणीतरी विचारतं. मला हे खरंच खटकतं, कारण या फिल्मची, म्हणजे कोटिंगच्या थराची, जाडी साधारण ५ ते १३ मायक्रॉन असते, एवढ्या पातळ थराला धरून ठेवायचं काम खालच्या पृष्ठभागाचंच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. आधी डिग्रीसिंग, म्हणजे तेल-ग्रीस धुऊन काढणं, मगच ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने ग्रिट (कठीण बारीक कण) मारून पृष्ठभाग खरबडीत करणं. तेलकट पार्ट थेट ब्लास्टिंगला लावला तर ग्रिटच्या माऱ्याने तेल खरबडीत पृष्ठभागात जाऊन बसतं, शिवाय ग्रिटही तेलकट होते आणि तीच परत परत फिरत असल्यामुळे पुढचे स्वच्छ जॉबही खराब होतात. सिलिकॉनवालं काही लागलेलं असेल तर अजूनच वाईट, ते सहज निघत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल-पाणी आलं तरी सगळी मेहनत वाया, म्हणून फिल्टर बघाच. डिग्रीसिंग नीट झालं का ते पाण्याने कळतं, पार्टवर पाणी सोडायचं, थर सलग राहिला तर ठीक, मध्येच फाटून थेंब झाले तर तिथे तेल आहे, परत धुवायचं.

ब्लास्टिंगला बारीक अॅल्युमिनियम ऑक्साइड, १२० ते २२० नंबरच्या आसपासचं (नंबर मोठा तितके कण बारीक). जाड ग्रिट मारून पृष्ठभाग फार खडबडीत केला की शिखरं फिल्मच्या बाहेर येतात आणि समोरच्या पार्टवर घासतात, म्हणजे जास्त खरबडीत केलं की जास्त पकड असं काही नाही.

साध्या आणि लो-अलॉय (कमी मिश्रधातूंच्या) स्टीलला त्यावर मँगनीज फॉस्फेट, म्हणजे रासायनिक बाथमध्ये पृष्ठभागावर तयार होणारा स्फटिकांचा थर, दिलं तर फारच छान. त्याच्या बारीक स्फटिकांमध्ये कोटिंगमधलं रेझिन (वंगणाचे कण धरून ठेवणारा भाग) शिरून घट्ट बसतं आणि गंजापासूनही थोडी मदत होते, फक्त स्फटिक बारीकच हवेत, म्हणून बाथच्या आधी अॅक्टिव्हेशनचं डिप (तयारीच्या द्रावणात बुडवणं) टाळू नका. कडक केलेल्या स्टीलला मात्र अॅसिड पिकलिंग (गंज-पपडी काढायला अॅसिडमध्ये बुडवणं) नकोच, हायड्रोजन आत शिरतो आणि पार्ट ठिसूळ होऊन लोडखाली अचानक तुटू शकतो. फॉस्फेटिंगमध्येही थोडा हायड्रोजन सुटतो, त्यामुळे अशा पार्टला कोटिंगआधी बेकिंग द्यायचं, म्हणजे हायड्रोजन निघून जायला तापवायचं, तेही टेंपरिंगच्या (कडक केल्यावर स्टील परत तापवतात त्या) तापमानाखालीच.

स्टेनलेसवर फॉस्फेट धरत नाही, तिथे ब्लास्टिंगवरच भागवावं लागतं, म्हणून तिथली स्वच्छता दुप्पट काळजीने करायची.

आणि तयार झालेला पार्ट उघड्या हाताने धरू नका प्लीज, स्वच्छ ग्लोव्हज घाला. ब्लास्ट केलेलं साधं स्टील दमट हवेत बघता बघता गंजायला लागतं, त्यामुळे शक्यतो काही तासांतच फवारणी उरकायची, उद्यावर ढकललं तर परत ब्लास्ट करावं लागेल.