चिंगीबरोबर तोरण्याच्या माथ्यावर

समुद्रसपाटीपासून 1403 मीटर उंचीचा तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. पायथ्याच्या वेल्हे गावातून त्याच्याकडे पाहिले, की शिवाजी महाराजांनी त्याला प्रचंडगड हे नाव का दिले असावे, ते वेगळे सांगावे लागत नाही. चिंगी ही आमची पाच वर्षांची गावठी कुत्री. तिला घेऊन हा गड एका दिवसात करून यायचा, असे मी आणि माझ्या धाकट्या भावाने ठरवले, तेव्हा जानेवारी महिना मुद्दाम निवडला होता. पावसाळ्यात तिथला कातळ शेवाळतो आणि मार्चनंतर उघड्या सोंडेवरचे ऊन माणसालाही सोसत नाही. कुत्र्याची गोष्ट तर त्याहून अवघड असते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, त्यामुळे शरीरातली उष्णता त्याला मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढावी लागते, आणि हवाच तापलेली असेल तर तो उपायही अपुरा पडतो.

शिवाय कुत्रे स्वतःहून 'आता पुरे' म्हणत नाही. आपण चालत राहिलो तर ते दमल्यावरही मागे येत राहते, म्हणून कुठे थांबायचे आणि कुठून परतायचे हे त्याच्या वतीने आपणच ठरवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आम्ही चिंगीसाठी अडीच लिटर पाणी वेगळे घेतले होते आणि ती मागण्याची वाट न पाहता प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे पाजत होतो. आमच्या खाऊतून बेदाणे आधीच वगळले होते, कारण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि ट्रेकच्या सुक्या मेव्यात ते हमखास असतात.

वेल्ह्यातून उजाडता उजाडता निघालो. पहिला चढ मुरमाचा असून त्यावर घसारा बराच आहे. तिथे आमचे बूट सरकत होते, पण चिंगी नखे रोवून, अंग जमिनीलगत ठेवून सहज वर जात होती आणि प्रत्येक वळणावर थांबून आम्ही दोघेही येत आहोत ना, हे पाहून घेत होती. वाटेत शेळ्यांचा कळप दिसताच मी तिचा दोर आखडून धरला. ती कितीही गुणी असली, तरी दुसऱ्याच्या जनावरांपाशी तिला मोकळे सोडणे मला योग्य वाटत नाही.

खरी परीक्षा बिनी दरवाजाच्या खालच्या कातळटप्प्यांवर झाली. तिथे माणसांना धरायला लोखंडी रेलिंग आहे, कुत्र्याला त्याचा काहीच उपयोग नाही. एका उंच पायरीपाशी चिंगीने पुढचे दोन्ही पंजे कातळावर टेकवले, मागचा एक पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि वळून माझ्याकडे पाहिले. तिच्या छातीपट्ट्याला पाठीवर मूठ आहे. भाऊ वर जाऊन बसला, त्याने ती मूठ धरली, मी खालून तिच्या मागच्या पायांना तळहातांचा आधार दिला आणि ती वर गेली. वर पोहोचताच तिने अंग असे झाडले, की भावाच्या चष्म्यावर धूळ बसली.

कोठी दरवाजातून आत गेल्यावर एक आजी ताक विकत बसल्या होत्या. मी पैसे काढू लागलो, तोच त्या म्हणाल्या, "आधी तिला पानी पाज, मग तू ताक पी." चिंगीचे पिऊन होईपर्यंत त्यांनी माझा पेला भरला नाही.

मेंगाई देवीच्या देवळात आम्ही आळीपाळीने दर्शन घेतले. चिंगी बाहेर सावलीत बसली. माथ्यावरून राजगडाचा बालेकिल्ला अगदी स्वच्छ दिसत होता, पश्चिमेला लिंगाण्याचा सुळका आणि त्यामागे रायगड. झुंजार माचीवर मात्र आम्ही उतरलो नाही. तिथली उतरण्याची वाट कड्याला बिलगून जाते, आणि जिथे तिला उचलून धरायला माझे दोन्ही हात मोकळे नसतील, तिथे तिला नेण्याचा मला अधिकार नाही. भावाला माची पाहायची होती, तो थोडा खट्टू झाला, पण त्यानेही हट्ट धरला नाही.

दहा वाजता मी कातळावर पालथा हात टेकवून पाहिला. तो अजून चटका देत नव्हता, तरी आम्ही लगेच उतरायला लागलो, कारण दगड एकदा तापला की पंजांचे तळवे भाजायला वेळ लागत नाही. घरी आल्यावर तिचे तळवे कोमट पाण्याने धुतले, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या मागे गोचीड शोधली. डाव्या कानामागे एक सापडली, ती चिमट्याने सरळ ओढून काढली. पुढची चढाई राजगडाची, तीही पाली दरवाजाच्या वाटेने. गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाजाखाली असलेला कातळटप्पा तिच्यासाठी नको, यावर आमचे दोघांचे एकमत आहे.