रेक्टरांच्या कपाटातला डबा

वसतिगृहासाठी ई-सिगारेटबंदीचा नियम लिहायला आमची समिती बसली, तेव्हा रेक्टरांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून टेबलावर ठेवला. आत वर्षभरात जप्त केलेले अकरा वेप, म्हणजे ई-सिगारेटी, आणि त्यातला एक टम्म फुगलेला. वेपमधला लिथियम-आयन सेल, म्हणजे त्याची बॅटरी, फुगला की तो दाबायचा नाही, टोचायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही. एक पेटला की शेजारचे तापून पेट घेतात. चर्चा थांबवून आधी तो फुगलेला वेप कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवला आणि बादली मोकळ्या गच्चीत नेली.

दुसरा धोका कायद्याचा होता. २०१९च्या ई-सिगारेट प्रतिबंध कायद्यात उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात यांच्यासोबत साठा करणंही गुन्हा आहे. विक्रीसाठी पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठ्यासाठी सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. जप्तीचा माल महिनोन्‌महिने कपाटात ठेवणं म्हणजे संस्थेनेच स्वतःला अडचणीत आणणं.

विद्यार्थी प्रतिनिधीचा मुद्दा मात्र नीट होता: यात तंबाखू नाही, धूर नाही, मग धूम्रपानाचा नियम कसा लागेल? खरंच लागत नाही. २००३च्या तंबाखू कायद्यातली धूम्रपानाची व्याख्या तंबाखूपुरती आहे. पण २०१९च्या कायद्यात निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगे सूक्ष्म थेंब करणारं प्रत्येक उपकरण येतं, ई-हुक्कासुद्धा. ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा मात्र त्यात लिहिलेली नाही. ती जागा संस्थेच्या नियमाला भरावी लागते, आणि चूक बहुधा तिथेच होते.

एका सदस्यांना थेट निलंबन हवं होतं. मी फळ्यावर हिशेब मांडला. वेपच्या द्रवात मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम निकोटिन, दोन मिलिलिटरचा पॉड, म्हणजे द्रवाची कुपी, म्हणजे एका पॉडमध्ये १०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात जातं साधारण एक ते दोन मिलिग्रॅम. बेंझॉइक आम्ल घालून निकोटिनचा क्षार केला की घसा जळत नाही, त्यामुळे किती ओढलं ते मुलाला कळतच नाही. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण: चिडचिड, झोपमोड, अभ्यासात लक्ष न लागणं. परीक्षेच्या आठवड्यात पकडलेल्या मुलाला नुसती शिक्षा केली, तर ती भोगून तो पुन्हा ओढणारच.

बाथरूममध्ये धूरसंवेदक लावायची सूचना मात्र सोडून दिली. प्रकाशावर चालणारा संवेदक वेपने वाजतो, पण गरम पाण्याच्या वाफेनेही वाजतो. दोन-चार खोट्या घंटा झाल्या की मुलं त्यावर पिशवी बांधतात, आणि खऱ्या आगीत तो मुका राहतो.

शेवटी विकणारा आणि ओढणारा वेगळे केले. विक्री दिसली की थेट पोलीस. ओढताना सापडला तर उपकरण पावती देऊन घ्यायचं, पहिल्या वेळी दंड नाही, समुपदेशकाची भेट सक्तीची, आणि १८००-११२-३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर तिथूनच फोन. निकोटिन गम द्यायचा तर डॉक्टरांना विचारून, आणि तो कसा वापरायचा तेही दाखवून: झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचा, मग गालात धरून ठेवायचा, अर्धा तास असंच आलटूनपालटून. च्युइंगगमसारखा चघळला की निकोटिन पोटात जातं, मळमळतं, आणि मुलं दुसऱ्याच दिवशी गम सोडून देतात.

डबा दुसऱ्या दिवशी यादीसह पोलीस ठाण्यात गेला. फुगलेला वेप वाळूच्या बादलीसकट.