वास आला का?

बुधवार, रात्री साडेदहा

आज ऑफिसमधून घरी न जाता सरळ गोदाघाटावर गेले, बुधवारचा बाजार चुकवायचा नव्हता कारण वर्षाच्या काळ्या मसाल्याचं काम या शनिवारी उरकायचं ठरलंय आणि घरात धड कांदासुद्धा नव्हता. गाडगे महाराज पुलाजवळ गाडी लावली आणि चालत आत शिरले. एप्रिलचं ऊन संध्याकाळी सहालासुद्धा पायऱ्यांतून वर येत होतं, पण बाजार भरलेला बघितला की मला बरं वाटतं, लहानपणी पंचवटीतून आईचा हात धरून यायचे तेव्हापासूनचं आहे ते. कैऱ्या, गवार, गावठी लसणाच्या जुड्या, पेठ तालुक्याकडच्या एका बाईकडे नागली, म्हणजे नाचणी, होती ती दोन किलो घेतली (सासूबाईंना सकाळी आंबील लागते), आणि मग कांदा.

कांद्याचं आमच्याकडे फार आहे. हिवाळ्यातला लाल कांदा पाण्याचा असतो, तो गॅसवर भाजायला ठेवला की सुटतो, काळा होण्याआधी शिजतो, रश्शाला तो धुरकट गोडवा येतच नाही. उन्हाळ कांदा कोरडा, घट्ट, पापुद्र्यावर पापुद्रा, तो विस्तवावर अख्खा ठेवला की वरून जळतो आणि आत लोण्यासारखा होतो. शिवाय हवा लागेल असा पसरून ठेवला तर पावसाळाभर टिकतो, म्हणून तर निफाड चांदवडकडे शेताशेतात कांद्याच्या चाळी दिसतात. लासलगाव म्हणजे कांद्याची आशियातली सगळ्यात मोठी बाजारपेठ म्हणतात, आणि ती इतकी जवळ असल्यामुळे आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत निम्मे लोक मोबाईलवर लासलगाव पिंपळगावचे लिलावाचे भावच बघत असतात, कारण पगार कंपनीचा असला तरी घरी भाऊ, वडील, काका कोणीतरी कांदा लावलेलाच असतो. भाव पडला त्या दिवशी डबे गुपचूप खाल्ले जातात. हे मी अठरा वर्षं बघतेय आणि अजूनही भाजीवाल्याशी कांद्यासाठी घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही.

अर्धी गोणी घेतली. स्कूटरवर पायात ठेवून शालिमार, त्र्यंबक नाका करत सिडकोपर्यंत आणली, मान आखडली.

घरी आले तर आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "कांदा दाव." हातात घेऊन दाबून बघितला, कानाजवळ नेऊन पापुद्रा चोळला. पूर्वी त्या नाकाजवळ न्यायच्या.

गुरुवार

काही नाही. कोणीच एकत्र जेवलं नाही. ह्यांची सेकंड शिफ्ट, ते कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. लेक कॉलेज रोडच्या क्लासवरून साडेनऊला आला आणि म्हणे मित्रांबरोबर काहीतरी खाल्लं. आई सातलाच जेवतात. मी दहाला ओट्याशी उभी राहून वरणभात. चार माणसं, चार वेळा, एकच कुकर.

शनिवार

आज मसाला भाजला. लिहायचं खूप आहे आणि हात दुखतायत, तरी आत्ता लिहिलं नाही तर राहून जाईल.

आधी हे लिहून ठेवते की मी या मसाल्यातली नाही. माझं माहेर पंचवटीतलं, आमच्याकडे आमटीत चिंचगूळ आणि चिमूटभर गोडा मसाला, तिखट म्हणजे ताटात डावीकडे वाढलेली चटणी. लग्न होऊन सिडकोत आले तेव्हा पहिल्या आठवड्यात शेवभाजीचा काळा रस्सा समोर आला आणि मी पाणी पीत पीत पोळी संपवली. सासरे 1986 ला अंबडच्या एका कारखान्यात लागले, अमळनेरजवळच्या गावाहून आले आणि सिडकोतलं घर घेतलं, आजूबाजूला सगळी तशीच धुळे जळगावकडची घरं, जिन्यात अहिराणी ऐकू यायची, आणि एप्रिल आला की एकेका घरातून मिरचीचा खकाणा उठायचा. कोणी तक्रार करत नसे कारण उद्या त्यांच्याकडे असणार. आता खालचे दोन फ्लॅट भाड्याने गेलेत, बाहेरून आलेली एमआयडीसीतली पोरं राहतात, त्यांना मी कालच जाऊन सांगून आले की बाबांनो उद्या दुपारी खिडक्या लावून घ्या.

आईंचा वास करोनात गेला. म्हणजे बाकी सगळं नीट झालं देवाच्या दयेने, वास तेवढा परत आला नाही, कधीतरी अत्तर किंवा उदबत्ती अगदी नाकाशी धरली तर काहीतरी कळतं म्हणतात. जिभेला मीठ कळतं, आंबट कळतं, तिखट तर झोंबतंच, पण धने की जिरे हे डोळे मिटून विचारलं तर सांगता येत नाही. इतकी वर्षं त्या ओढूनताणून मसाला करत राहिल्या, सवयीने, आणि मी शेजारी उभी राहून ताटं देत राहिले. मागच्या वर्षी खोबरं करपलं. वर्षभर रश्शाला एक कडवट शेवट होता, घरात कोणी काही बोललं नाही आणि आईंना तो कडवटपणा कळला की नाही तेही आम्ही विचारलं नाही. या वर्षी पाडव्यालाच त्या मला म्हणाल्या, यंदा झारा तू धर.

प्रमाण त्यांच्या बोटांत आहे. मी वहीत लिहून घेतलं: 1 किलो मिरचीला अर्धा किलो धने, अर्धा किलो खोबरं, पाव किलो तीळ, दगडफूल 50 ग्रॅम, बाकी लवंग, दालचिनी, मसाला वेलची, शहाजिरं, नागकेशर, रामपत्री, तमालपत्र, हळकुंड, हिंग. मिरची नंदुरबारची, त्यांचा भाचा दरवर्षी पाठवतो. खडा मसाला रविवार कारंजावरून आणला. दगडफूल सकाळी दोघींनी बसून निवडलं, त्यात काड्या, सालपटं, बारीक वाळू फार असते, आणि ते खडकावर, झाडाच्या सालीवर वाढतं म्हणून तसं येणारच, पण एक खडा राहिला तरी वर्षभर दाताखाली येतो. दगडफुलाला कच्चं असताना काहीच वास नसतो असं मला इतकी वर्षं वाटायचं. तेलात पडलं की मग ते बोलतं. पावसाळ्यात जुन्या वाड्याच्या भिंतीला येतो ना तसा, ओला, मातीचा, पण गरम. काळ्या मसाल्याचा जीव तोच आहे, रश्शाचा काळा रंग खोबऱ्याचा आणि कांद्याचा, पण "हा काळा मसाला" असं जे नाकाला कळतं ते दगडफूल.

आई स्टुलावर बसल्या, गॅसपासून दोन हातांवर. मी भाजत होते आणि त्या विचारत होत्या, "वास आला का?"

आणि मला सांगता येईना.

म्हणजे वास येत होता, घरभर येत होता, पण हा झालेला वास की होत असलेला वास की आता पुढे गेलेला, हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं शेजारी उभी होते आणि एकदाही माझ्या नाकाने वास घेतला नव्हता, कारण त्या घेत होत्या. त्या "बस" म्हणायच्या आणि मी ताट पुढे करायचे. धने घातले तेव्हा मी तीनदा "आला वाटतं" म्हटलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, वाटतं नको, झारा फिरवू नको, थांब आणि ऐक. ऐकलं. धने जड असतात तेव्हा कढईत दबकं वाजतात, मग हलके होतात आणि कोरडे, बारीक खड्यांसारखे वाजायला लागतात. त्यांनी मान हलवली, "उतरव." ऐकून! मी तोंड धने घातलेल्या कढईवर नेलं आणि तेव्हा मला कळलं की हा वास, हाच, दर एप्रिलमध्ये या घरात असतो.

मग जमत गेलं. तीळ तडतडून थांबायला लागले की काढायचे. लवंग फुगते. शहाजिरं फक्त दाखवून काढायचं, त्याला कढई चटका म्हणून पुरते. त्या आवाज सांगायच्या, मी वास सांगायचे, "गोडसर आलाय", "आता धुराकडे चाललाय", मला शब्दच सापडत नव्हते, आपल्याकडे चवीला किती शब्द आहेत आणि वासाला केवढे कमी, खमंग म्हटलं की संपलं.

खोबऱ्याला मी घाबरले होते. खोबऱ्याचं अर्ध्या मिनिटाचं काम असतं, तांबूस ते काळं हा प्रवास हळू होतो आणि काळं ते करपलं हा एकदम. त्याला आवाज नाही. आई म्हणाल्या, इथे मी काय सांगू. आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या. मला त्या क्षणी इतकं भरून आलं, पण रडायची सोय नव्हती, झारा थांबला की तळाचं जळणार. रंग बघत होते, तेल सुटलेलं बघत होते, आणि एका क्षणी खोबऱ्याचा गोड वास मागे जाऊन त्याच्या जागी एक वेगळाच आला, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा, आणि मी गॅस बंद करून कढई उचलून ताटात उलटी केली. चुकलं की बरोबर, माहीत नाही. त्यांनी एक काप उचलला, मोडला, टचकन मोडला. "मोडतंय तं बरं," एवढंच म्हणाल्या.

मिरची शेवटी. तिथे नाक लागत नाही, घसा सांगतो. दोघी खोकत खोकत बाल्कनीत पळालो आणि खालून त्या पोरांपैकी एक वर तोंड करून ओरडला, काकू सगळं ठीक ना? मी हात केला. आई खोकता खोकता हसत होत्या. मिरचीचा ठसका त्यांना पूर्वीइतकाच लागतो, आणि त्या म्हणाल्या एवढं तरी शिल्लक आहे.

रविवार

सकाळी गंगापूर रोडच्या पुढे मिसळ खायला गेलो, चौघं. महिन्यातून एकदा जातो. मळ्यात मांडलेली टेबलं, चुलीवर रश्शाचं पातेलं, पापड, दही, शेवटी जिलेबी. नाशिकमध्ये रविवारी दहा वाजता मिसळीच्या ठिकाणी जी गर्दी असते तिला लोक खादाडी म्हणतात, मला ते तसं वाटत नाही. आजूबाजूच्या टेबलांवर बघत होते, आजी आजोबा, नातवंडं, शिफ्टवाले बाप, सगळे एकाच वेळी एकाच टेबलावर, आणि आठवडाभरात बहुतेकांचं पहिलंच एकत्र खाणं असणार, आमचं तर होतंच. लेक तासभर आमच्याशी बोलला, मोबाईल न बघता. क्लासमधलं एक टेन्शन होतं ते तिथे सांगितलं, रस्सा परत मागवता मागवता. घरी का नाही सांगितलं म्हणून विचारणार होते, नाही विचारलं. घरी आम्ही जेवायला असतो कुठे.

तिथून मसाला कुटायच्या डंकावर गेलो. रांग होती, एप्रिलमध्ये असतेच, प्रत्येकीच्या मांडीवर डबा आणि प्रत्येकीचा मसाला वेगळा. आई मुद्दाम आल्या होत्या. आपला घाणा उखळात पडेपर्यंत तिथून हलायचं नाही हा त्यांचा नियम, दुसऱ्याचं उरलेलं आपल्यात येऊ नये म्हणून. शेजारी बसलेल्या बाईने आमच्या डब्यात डोकावून सहज विचारलं, कुठला मसाला हो, फार छान वास येतोय. मी आईंकडे बघितलं. त्या बाईला म्हणाल्या, "सुनेनी भाजलाय."

दुपारी बरणी भरली. मध्ये मध्ये हिंगाचे खडे, वरून दाबून, तोंडाला सुती फडकं, मग झाकण. आखाजी (अक्षय तृतीया) आठवड्यावर आलीय, त्या दिवशी घागर भरायची, सासऱ्यांना नैवेद्य दाखवायचा, आमरस पुरणपोळी आणि कटाची आमटी, त्या आमटीत हाच मसाला जाणार. पण तेवढी वाट बघवेना. संध्याकाळी दोन उन्हाळ कांदे गॅसवर टाकले, खोबरं भाजलं, पाट्यावर नाही, मिक्सरमध्येच, आणि बेसनाच्या डुबुकवड्यांचा रस्सा केला. ह्यांची आज सुट्टी, लेक घरी, आईंना म्हटलं आज सात वाजता नको, साडेआठला सगळे बसू. बसल्या थांबून, पोटात कालवत असणार तरी.

मी ताटं वाढताना कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हते. ह्यांनी भाकरी कुस्करून घेतली. लेकाने परत रस्सा घेतला. कडवट नाही. हे मला पहिल्या घासालाच कळलं, शेवटी काही कडवट नाही, पण दगडफूल कणभर जास्त झालंय असं वाटतंय, की नवा मसाला म्हणून तसं वाटतंय, आठ दिवस मुरला की बसेल, ते सांगणारं माणूस समोर बसलं होतं आणि तिला विचारायची सोय नव्हती.

आईंनी अर्धी वाटी रस्सा प्यायला. मग मलाच विचारलं, दगडफूल कसं लागतंय.

थोडं पुढे आहे म्हटलं.

"पुढच्या साली चाळीस टाक," म्हणाल्या. वहीत 50 खोडून 40 केलं आत्ता.

खालच्या पोरांना एक डबाभर रस्सा दिला, त्यांची मेस रविवारी रात्री बंद असते. डबा अजून परत आला नाहीये.