आरेतील घाणेरी
आजची सकाळ मुंबईतल्या आरेच्या जंगलात इतर स्वयंसेवकांसोबत घाणेरी (लँटाना) हे देशी झाडांची जागा बळकावणारे परदेशी झुडूप उपटण्यात गेली. हे झुडूप नुसते छाटले तर बुंध्यातून पुन्हा फुटते आणि त्याची काळी फळे खाणारे पक्षी बिया दूरवर नेतात. म्हणून पावसाने माती मऊ असताना, फळे धरण्यापूर्वी, ते पहारीने मुळासकट काढावे लागते. आरेतील सुमारे ८०० एकर जागा राखीव वन करण्याची घोषणा २०२० मध्ये झाली, परंतु घोषणेने घाणेरी हटत नाही. रोपे लावायला पुष्कळ जण येतात, उन्हाळ्यात त्या रोपांच्या आळ्यांत पाणी घालायला फार थोडे. माझ्या मते खरे काम तेच आहे. पुढच्या रविवारी ओढ्याकाठचा पट्टा घ्यायचा आहे, येणाऱ्यांनी जाड हातमोजे आणावेत.