कोपर वाकतं, पण तळहात कोण फिरवतं?

पायरी चुकली, पडताना हात टेकला आणि कोपरापाशी रेडियसच्या डोक्याला तडा गेला. रेडियस म्हणजे कोपर ते मनगट या टप्प्यातल्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं. तीन आठवडे हात गळ्यात होता. तो मोकळा झाला त्या सकाळी बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि चूळ भरायला उजवा हात पुढे केला. तळहात वर वळेचना! अंगठा वर, करंगळी खाली, हस्तांदोलनाला करतात तसा हात आडवाच. पाणी बोटांवरून वाहून गेलं. गंमत म्हणजे कोपर बऱ्यापैकी वाकत होतं.

कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा, हे शाळेत घोकलेलं. त्यामुळे वाकतंय म्हणजे बरं झालं, असा माझा हिशोब. फिजिओथेरपिस्ट बाई हसल्या. "एका पिशवीत तीन सांधे आहेत तिथे. बिजागरी सुटली, खिळी अडकलीय."

दंडाच्या हाडाचं खालचं टोक दोऱ्याच्या रिळासारखं असतं. करंगळीच्या बाजूच्या हाडाची, म्हणजे अल्नाची, खाच त्या रिळाला आकड्यासारखी धरते. ही झाली बिजागरी. फक्त वाकणं आणि सरळ होणं, इकडेतिकडे काही नाही. रेडियसचं डोकं मात्र गोल चकतीसारखं. त्याच्याभोवती अस्थिबंधाचं कडं असतं आणि चकती त्या कड्यात गरगर फिरते. हा खिळीचा सांधा, आणि तळहात फिरतो तो याच्या जिवावर (मनगटापाशी याचा एक जोडीदार आहे). तळहात वर असताना दोन्ही हाडं शेजारी-शेजारी असतात; पालथा केला की रेडियस अल्नावर तिरपी आडवी येते. इतकी वर्षं वाटायचं, मनगट फिरतं. मनगट बिचारं नुसतं सोबत जातं.

हे करून बघायचं तर कोपर बरगड्यांना चिकटवून, काटकोनात वाकवून बघा. हात लांब केलात तर खांदा लबाडी करतो. माझ्या काखेत बाईंनी टॉवेलची गुंडाळी दिली होती. ती पडली की पकडलेच गेले. खांद्याला लबाडी परवडते, कारण त्याची उखळ नावालाच. खरी खोल उखळ खुब्यात. खांद्याची म्हणजे उथळ बशी. हात डोक्यावर नेताना 180 अंशांतले साधारण 120 त्या बशीतले आणि 60 पाठीवरून सरकणाऱ्या फऱ्याचे.

मला सगळ्यात आवडली ती दंडातली बेटकुळी. ती हात वाकवते, एवढंच ठाऊक होतं. कोपर काटकोनात ठेवून दुसरा हात बेटकुळीवर ठेवा आणि तळहात पालथ्याचा उताणा करा. टण्णकन वर येते! तिचा स्नायूबंध रेडियसला जोडलेला असतो. तळहात पालथा असताना तो हाडाभोवती गुंडाळला जातो, ओढ बसली की भोवऱ्याच्या दोरीसारखा उलगडतो आणि हाड फिरवतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना जोर येतो तो इथूनच.

मानेतही असाच एक खिळीचा सांधा आहे. दुसऱ्या मणक्याचा खुंट आणि त्याभोवती फिरणारा पहिला मणका. "नाही" म्हणताना मान वळते त्यातला जवळपास निम्मा भाग या एका जागचा. व्यायामाला कंटाळून मी बाईंना तो बऱ्याचदा वापरून दाखवला. मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटंही मोडली. (खरोखरची मोडताना होणारा कट्ट आवाज हाडांचा नसतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो. म्हणून तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं.)

मोजमाप पेन्सिलनं व्हायचं. मुठीत पेन्सिल उभी धरायची, मूठ बाहेरच्या बाजूला फिरवायची आणि ती कुठवर कलते ते कोनमापकावर बघायचं. चांगल्या हाताची 80 च्या पुढे जाते. माझी पहिल्या दिवशी 20 वर अडली. तिसऱ्या आठवड्यात 45. काल 65.

चूळ भरता येते आता. करंगळीच्या बाजूनं अजून पाणी सांडतं आणि हात तोंडाशी नेईपर्यंत बाही कोपरापर्यंत ओली होते.