आमची वाटचाल : पंपदुरुस्तीपासून पाणी मुरवण्यापर्यंत

आज आमच्या पाटीवर ‘पर्जन्यजल संकलन व भूजल पुनर्भरण’ असे लिहिलेले असले, तरी या व्यवसायाची सुरुवात पाणी उपसण्यापासून झाली. बेळगावच्या शहापुरात वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून देण्याचे, दुकान होते. उन्हाळा हा आमच्या कमाईचा हंगाम असे, कारण बोअरमधील पातळी उतरली की पंप कोरडे चालत, वाइंडिंग जळे आणि मोटारी दुकानासमोर येऊन पडत. काही घरांची मोटार दर उन्हाळ्यात येऊ लागली आणि प्रत्येक वेळी पाइपचा आणखी एक तुकडा जोडून ती अधिक खोल सोडावी लागली. दुखणे मोटारीचे नसून बोअरचे आहे, हे गिऱ्हाइकाला सांगणे म्हणजे स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडण्यासारखे होते. तरीही वडिलांनी ते सांगायला सुरुवात केली आणि त्यातून पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचे पाणी पुन्हा जमिनीत मुरवण्याची, पहिली कामे मिळाली.

बेळगाव शहरात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जिल्ह्यातच अथणीकडे तो निम्म्यावर येतो, तर कणकुंबीच्या घाटमाथ्यावर कितीतरी वाढतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ९३ लिटर पाणी. गळती, बाष्पीभवन आणि गच्ची धुऊन निघावी म्हणून सोडून दिलेले पहिले पाणी वजा केले, तरी शहरातल्या अशा एका गच्चीवरून वर्षाकाठी सुमारे ९० हजार लिटर, म्हणजे सहा हजार लिटरचे १५ टँकर हाती लागतात. हा हिशेब ऐकला की लोक लगेच खड्डा खणायला तयार होतात. आम्ही मात्र तेथे थोडे थांबतो, कारण पाणी मुरणे आणि ते उन्हाळ्यापर्यंत तेथेच टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शहराच्या उंचवट्यावरील भागांत वर जांभा आहे आणि त्याखाली चिकट माती व मग काळा पाषाण. जांभ्याला भोके असल्यामुळे तो पाणी झपाट्याने पितो आणि तितक्याच झपाट्याने उतारावरून सोडूनही देतो. तेथील उघड्या विहिरी पुनर्भरणाशिवायही आषाढात भरतात. अडचण फाल्गुन-चैत्रात येते. जुन्या लोकांनी याच थराच्या भरवशावर विहिरी खणल्या. १९२४ च्या डिसेंबरमध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर सर्वांना ठाऊक आहे. महापालिकेने पुढे टंचाईच्या काळात जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या पुन्हा वापरात आणल्या, हे शहाणपणाचे काम होते असे आमचे मत आहे. म्हणून अशा वस्तीत विहीर असेल तर आम्ही आधी तिचा गाळ काढायला सांगतो, मग गच्चीचे पाणी गाळून तिच्यात सोडतो, आणि उन्हाळ्याची सोय म्हणून जमिनीखालची टाकी सुचवतो. टाकीचा खर्च जास्त येतो, हे खरे आहे.

पाषाणातल्या बोअरचे गणित निराळे असते. तेथे पाणी फक्त भेगांतून आणि हा पाषाण ज्या लाव्हापासून बनला त्याच्या दोन थरांमधल्या सांध्यांतून फिरते. भेग लागली नसेल, तर वर कितीही देखणा खड्डा बांधला तरी उपयोग नाही. म्हणून काम घेण्यापूर्वी आम्ही बोअरमध्ये टँकरभर पाणी सोडतो आणि पातळी किती वेळात खाली जाते ते दोरी सोडून मोजतो. पाणी तासन्‌तास तसेच उभे राहिले, तर त्या बोअरचे पुनर्भरण आम्ही करत नाही. पाणी ओढले गेले, तर केसिंगभोवती (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाभोवती) खड्डा घेऊन केसिंगला बारीक छिद्रे पाडतो, त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळतो आणि खड्ड्यात तळाशी मोठे गोटे, मध्ये खडी व वर जाड वाळू भरतो. रस्त्याचे किंवा गटाराचे पाणी मात्र या खड्ड्यात कोणत्याही परिस्थितीत येऊ देत नाही. मुरलेली घाण थेट भूजलात जाते आणि ती काढायला पुढे कोणाचाच हात पोहोचत नाही.

बळ्ळारी नाल्याच्या काठच्या सखल वस्त्यांतून आलेली कामे आम्ही बहुधा नाकारतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या बासमतीच्या शिवाराकडे पावसाळ्यात जमिनीतील पाणी इतके वर येते की खड्ड्यात मुरण्याऐवजी ते खड्ड्यातूनच वर येईल. तेथे साठवण करावी, पुनर्भरण करू नये. एका बांधकाम व्यावसायिकाने अशाच ठिकाणी केवळ कागदपत्रांच्या पूर्ततेसाठी खड्डा मागितला होता. आम्ही नकार दिला. ते काम दुसऱ्या कोणीतरी केले.

सर्वांत जास्त वेळ जातो तो कॉलनीच्या बैठकांत. शहरातील काही प्रभागांना २००८ पासून चोवीस तास नळाचे पाणी मिळू लागले, त्यामुळे हिंदवाडीतल्या एका बैठकीत एका काकांनी सरळ विचारले, “अहो, नळाला पाणी आहे, मग वर्गणी कशाला?” आमचे उत्तर असे होते : “काका, नळाचे पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांवरून येते, तिथली मोटार दोन दिवस बंद पडली की बागेला, धुण्याला आणि संडासाला तुम्ही याच बोअरकडे वळता.” काकांनी वर्गणी दिली, पण हिशेबाची वही स्वतःकडे ठेवली. शेजारच्या घरांनी मिळून काम केले तर खरा फायदा होतो, कारण एकाने मुरवलेले पाणी शेजाऱ्याचा बोअर ओढून घेतो आणि मग मुरवणाऱ्याचा उत्साह ओसरतो.

काम पूर्ण झाल्यावर व्यवसायाचा दुसरा, कमी दिसणारा भाग सुरू होतो. वळवाच्या पहिल्या सरी आम्ही बाहेर सोडून द्यायला सांगतो, कारण त्यांत गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते. जेथे गुलमोहर आहे तेथे त्याची बारीक पाने जाळीतूनही निसटतात आणि वाळूवर घट्ट पापुद्रा धरतात. तो खरवडून वाळू धुतली नाही, तर खड्डा तुंबतो आणि लोक दोष पद्धतीला देतात. त्यामुळे देखभालीचा करार केल्याशिवाय आम्ही नवे काम हाती घेत नाही. करार मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहून देतो.

आता निपाणी, चिकोडी आणि खानापूरकडूनही विचारणा येते. खोदाईची कामे फेब्रुवारी ते मे या काळात, मृगाच्या आधी उरकली जातात; जूननंतर केवळ पाहणी करतो आणि ती शक्यतो भर पावसात, कारण पाणी कोठे साचते व कोठून वाहते हे तेव्हाच दिसते.